घरच्या हस्तकलेसाठी ग्लू गन: कुठली घ्यावी, कुठे चालते आणि कुठे अजिबात वापरू नये

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर ग्लू गन विकत घ्यावी. गोंदाची कांडी विजेवर वितळवून नोझलमधून, म्हणजे पुढच्या टोकातून, सोडणारं हे पिस्तुलासारखं अवजार. पहिली घ्यायची ती ७ मिलिमीटर जाडीच्या कांडीची, २० ते ४० वॅटची आणि चालू-बंद करायचं बटण असलेली. दुकानदार ६० किंवा १०० वॅटची, ११ मिलिमीटर कांडीची मोठी गन पुढे करतो. ती वाईट नसते, पण तिची खरी गरज मखर आणि कंदील अशा दोनच कामांना पडते, तीही ते मोठे करायचे असतील तरच. बाकी वर्षभर तिचं जाड नोझल नाजूक कामाचा चिखल करतं. छोटी गन साधारण दीडशे ते अडीचशे रुपयांत मिळते, मोठी त्याच्या दुपटीला. एवढ्या पैशांत दुसरं कुठलंही अवजार नोकरी करणाऱ्या आईबाबांचा इतका वेळ वाचवत नाही.

तो वेळ कसा वाचतो ते आधी बघू. फेव्हिकॉल एमआरसारखा पांढरा गोंद पाण्यावर चालतो. त्यातलं पाणी पुठ्ठ्यात मुरलं आणि हवेत उडालं की मग तो धरतो. पुठ्ठ्याचा सांधा उचलला तरी न सुटण्याजोगा व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास, आणि पूर्ण पक्का व्हायला रात्र जाते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत त्याहूनही जास्त. ग्लू गनच्या गोंदात पाणी नसतंच. तो वितळलेलं प्लास्टिक असतो, गार झाला की घट्ट होतो. सांधा अर्ध्या मिनिटात उभा राहतो, चार-पाच मिनिटांत पूर्ण ताकदीला येतो. शाळेच्या गटावर संध्याकाळी सात वाजता निरोप येतो, ‘उद्या वाहतुकीच्या साधनांचं मॉडेल आणावे’. त्या रात्री हा फरक जेवणाआधी आटपण्याचा की बारापर्यंत जागण्याचा असतो.

पण ही गन सगळ्याला चालत नाही. कुठे चालत नाही हे आधी कळलं तर निम्मी कामं बिघडायची वाचतात.

आत काय असतं

मागून कांडी घालायची, चाप ओढला की ती पुढे सरकते, तापलेल्या धातूच्या नळीत वितळते आणि नोझलमधून बाहेर येते. कांडी ईव्हीए नावाच्या प्लास्टिकची असते, त्यात राळ आणि मेण मिसळलेलं असतं. नेहमीच्या गनमध्ये गोंद १६० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. ‘लो टेंपरेचर’ लिहिलेल्या गनमध्ये साधारण १२० अंशांपर्यंत. नळीला तापवणारी सिरॅमिकची चकती स्वतःला आवरते: ती तापत गेली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि ती कमी वीज ओढते. म्हणून जास्त वॅटची गन जास्त गरम, असा नियम नाही. जास्त वॅट म्हणजे गोंद संपल्यावर नळी पुन्हा लवकर तापते एवढंच. २० वॅटच्या गनने सलग दहा-बारा मोठे थेंब काढले की चाप जड लागू लागतो, गोंद दोरीसारखा ताणला जातो. तिथे जोर लावायचा नाही. एक-दीड मिनिट थांबायचं. जोर लावला की अर्धवट मऊ कांडी नळीच्या तोंडाशी फुगते, अडकते, आणि आतली दाते असलेली प्लास्टिकची पट्टी तुटते. छोट्या गना बहुतेक अशाच मरतात.

मरणाची दुसरी तऱ्हा म्हणजे अर्धी उरलेली कांडी मागे खेचून काढणं. वितळलेला गोंद तिच्याबरोबर मागे येतो, नळीच्या मागच्या रबरी बाहीत साकळतो आणि थंड झाल्यावर बूच बसतं. रंगीत कांडी घातली असेल आणि पांढरी हवी असेल तर मागून दुसरी घालायची आणि आधीची संपेपर्यंत रद्दी कागदावर गोंद काढायचा. चकाकीच्या कांड्या मुलांना फार आवडतात, पण त्यातली चमकी छोट्या नोझलमध्ये साठते. त्यांच्यासाठी ओळखीतल्या कुणाची जुनी गन मागून घ्या, नवी खराब करू नका.

तिसरी गोष्ट ठेवण्याची. तारेचा जो छोटा स्टँड येतो तो लावायचाच. गन आडवी किंवा पाठीवर ठेवली की पातळ झालेला गोंद उताराने मागे, हँडलमध्ये जातो. नोझल कायम खाली हवं. त्याखाली जुनी फरशीची लादी किंवा स्टीलची ताटली ठेवायची, कारण चाप न ओढताही थेंब गळतात. लादीवर पडलेला थेंब गार झाल्यावर नखाने सुटतो. बेकिंगचा कागद असेल तर आणखी छान, त्याला हा गोंद चिकटतच नाही. वर्तमानपत्र चालत नाही, ते कायमचं चिकटतं.

गन लावून पोळ्या करायला गेलं आणि अर्धा-पाऊण तास विसरलं असं होऊ देऊ नका. नळीतला गोंद सतत तापत राहिला की पिवळा, मग तपकिरी होतो, पाण्यासारखा पातळ गळतो आणि त्याची पकड जाते. म्हणूनच बटण असलेली गन घ्या म्हटलं. स्वस्तातल्या बऱ्याच गनांना बटण नसतं, प्लग लावला की त्या सुरू. निदान दिवा लागणारी तरी बघा.

कशाला चिकटतो, कशाला नाही

हा गोंद पकडतो तो पृष्ठभागाच्या खाचाखोचांत शिरून. त्यामुळे पुठ्ठा, आइसक्रीमच्या काड्या, बांबूच्या कामट्या, सुतळी, फेल्ट, नारळाची करवंटी, वाळलेल्या बिया यांना तो झकास धरतो. शाळेचं बहुतेक मॉडेल याच वस्तूंचं असतं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा उभा-आडवा सांधा करताना गोंद फक्त कडेला लावून भागत नाही. कडेला सलग रेघ, मग आतल्या कोपऱ्यात दुसरी बारीक रेघ. दुसरी रेघ खरी ताकद देते.

काच, स्टील, गुळगुळीत प्लास्टिकची बाटली यांच्यावर तो आधी चिकटल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी एका तुकड्यात निघून येतो. कारण दोन आहेत. एक, खाच नाही. दोन, काच आणि धातू उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतात की थेंब टेकताक्षणी त्याची खालची बाजू घट्ट होते, पसरायला वेळच मिळत नाही. उपाय: तिथे पॉलिश पेपरने खरवडायचं, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं आणि धातू असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून मग गोंद लावायचा. बाटलीच्या विमानाला पंख लावताना नुसता गोंद नको. कटरने खाच पाडा, पंख त्यातून आरपार घाला आणि गोंद फक्त खाचेभोवती फिरवा.

थर्माकोलवर तापलेली गन टेकवली की खड्डा पडतो. थर्माकोल १०० अंशांच्या आसपासच मऊ होतो आणि गोंद त्याच्या कितीतरी वर. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर सजावटीतलं थर्माकोल तसंही नको, पण टीव्हीच्या खोक्यातले तुकडे मॉडेलसाठी घरोघर जपून ठेवलेले असतात. त्यांना पांढरा गोंद आणि टूथपिक वापरा. घाईच असेल तर गोंद थर्माकोलला न लावता समोरच्या पुठ्ठ्याला लावायचा, मनात सातपर्यंत मोजायचं आणि मग टेकवायचं.

कापडाचं थोडं वेगळं आहे. सुती आणि जाड कापडावर पकड उत्तम, पण सॅटिन आणि रेशमी रिबिनीच्या आरपार गोंदाचा डाग दिसतो, आणि तो धुऊन जात नाही. गॅदरिंगसाठी मुकुट, कमरपट्टा, पुठ्ठ्याची ढाल-तलवार या सगळ्याला गन योग्य. अंगात घालायच्या कपड्यावर लेस लावायची असेल तर सुईदोराच. गरम पाण्यात धुतलं किंवा इस्त्री फिरवली की गोंद पुन्हा वितळतो, आणि इस्त्रीच्या तळाला लागला तर पुढचे चार शर्ट वाया जातात.

राखी करायला मात्र ही गन म्हणजे वरदान आहे. फेल्टच्या ३ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या, मधे दोरा. खालच्या चकतीवर गोंदाचा वाटाण्याएवढा थेंब, त्यावर दोरा आडवा, त्यावर लगेच दुसरी चकती, वीस सेकंद दाब. वर मणी किंवा कुंदन लावताना गोंद मण्याला लावू नका, बोट भाजतं. फेल्टवर मोहरीएवढा ठिपका काढा आणि मणी चिमट्याने ठेवा. टिकल्या आणि आरसे यांना हा गोंद जाड पडतो, कडेने फुगा दिसतो. त्यांना पांढरा गोंद काडीने लावावा.

नको त्या जागा आणखी दोन आहेत. दिवाळीचा किल्ला माती, दगड आणि पोत्याचा. ओलसर मातीला गन काहीच करू शकत नाही, चित्रं पुठ्ठ्यावर उभी करण्यापुरतीच ती लागते. आणि शाडूच्या गणपतीला मोती-मुकुट चिकटवायला तर ती चुकूनही वापरू नका. मूर्ती बादलीत तासाभरात विरघळते, पण गोंदाचे प्लास्टिकचे गोळे तसेच तळाशी राहतात. तिथे डिंक लावावा, तो पाण्यात निघून जातो.

कंदील: गन आणि खळ, दोघांची कामं वेगळी

ग्लू गनची खरी परीक्षा पारंपरिक आकाशकंदिलात होते, म्हणून इथे जरा सविस्तर. हा कंदील म्हणजे सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा जोडून केलेला सांगाडा. चार चौकोन भोवती, टोकावर उभे. एक वर, एक खाली. मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. लागतात त्या सारख्या लांबीच्या २४ कामट्या. घरगुती मापाला कामटी २१ सेंटिमीटर लांब आणि ३ ते ४ मिलिमीटर जाड घ्या. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर एकमेकींवर चढतो आणि चौकोनाची बाजू २० सेंटिमीटर राहते. तयार कंदील साधारण २८ सेंटिमीटर उंच आणि तेवढाच रुंद होतो. बाल्कनीला हे माप पुरतं.

कागदावर २० सेंटिमीटरचा चौकोन आखा, वर बेकिंगचा कागद टाका आणि सहाही चौकोन याच आखणीवर करा, म्हणजे मापं चुकत नाहीत. कामट्या ठेवताना प्रत्येक कामटी एका टोकाला शेजारणीच्या वर आणि दुसऱ्या टोकाला खाली हवी. कोपऱ्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा थेंब, वरून दाब, वीस सेकंद. एक चौकोन दोन-तीन मिनिटांत होतो.

पुढची पायरी बहुतेक जण चुकवतात. भोवतीचे चार चौकोन एकमेकांना गोंदाने जोडत जातात, आणि चौथा पहिल्याला भेटतच नाही. एकेका सांध्याला पाच-सात अंशांची चूक झाली तरी शेवटी बोटभर फट राहते. म्हणून आधी चारही सांधे दोऱ्याने सैल बांधायचे, बिजागरीसारखे फिरले पाहिजेत. मग त्यांची चौकट उभी करायची, खाली एक चौकोन आणि वर एक चौकोन टोकांना लावून बघायचा. वरच्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वेळी टोकांवर बसले की आकार बरोबर आला. आता सगळे बारा सांधे दोऱ्याने घट्ट करायचे आणि शेवटी प्रत्येकावर गोंदाचा थेंब. थेंब दोऱ्यात मुरतो आणि गाठ सरकत नाही. दोरा वगळून फक्त गोंदावर विसंबलेला कंदील वाऱ्याने डोलून दोन दिवसांत एखादा सांधा सोडतो. २० सेंटिमीटर लांबीची ७ मिलिमीटरची एक कांडी या सगळ्या कामाला पुरते. हाताशी दोन असू द्या.

इथे गन बंद करून ठेवायची. कागद लावायला ती नको. पतंगी कागदावर तिच्या रेघेचे उंचवटे दिसतात, जिलेटिनचा चकचकीत कागद आक्रसतो, आणि एकदा टेकलेला कागद सरकवून सरळ करता येत नाही. कागदाला खळच. दोन टेबलस्पून मैदा पाव कप थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा, एक कप उकळत्या पाण्यात ओता, मंद आचेवर सतत ढवळत दोन-तीन मिनिटं शिजवा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. गार झाल्यावर ती दाट दह्याइतकी घट्ट हवी. पातळ खळीने पतंगी कागद ओला होऊन फाटतो आणि त्याचा रंग पसरतो. खळ कागदाला नाही, कामटीला लावायची. पाच चौकोन आणि आठ त्रिकोण, भोवती एक-एक सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. वरचा चौकोन दिव्यासाठी उघडा. जुन्या पद्धतीत खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर घालू नका. उरलेली खळ फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. खळीने कागद चिकटवण्याचं काम पाच वर्षांच्या मुलालाही देता येतं, आणि द्यावं.

झिरमिळ्या पुन्हा गनने. पट्ट्यांची वरची कड पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवा आणि पट्टी खालच्या चौकोनाला दोऱ्याने बांधा, म्हणजे पुढच्या वर्षी नुसत्या झिरमिळ्या बदलता येतात.

आत ५ ते ७ वॅटचा एलईडीच हवा. हा गोंद ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब आत लावला तर वरचे सांधे तासाभरात ढिले होतात, आणि कागदाजवळ तो धोक्याचाही. कंदिलाचं वजन दिव्याच्या वायरवर देऊ नका, वेगळी दोरी बांधा. परतीच्या पावसाने गोंदाचं काही बिघडत नाही, कागदाचं बिघडतं.

उष्णतेची हीच मर्यादा दुसरीकडेही आडवी येते. नागपूर, अकोला, जळगाव इकडच्या पालकांनी तर नीट लक्षात ठेवावं: उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मॉडेल ठेवलं की सांधे सुटतात. छोटं घर, पूल, पवनचक्की, काहीही. मॉडेल पायापाशी सावलीत ठेवा, मागच्या काचेखाली कधीच नको. सांध्यावर आतून पुठ्ठ्याची त्रिकोणी पट्टी पांढऱ्या गोंदाने आधीच लावलेली असेल तर अशा वेळी ती वाचवते. अशी जोडी मोठ्या कामात नेहमीच करावी: मधे पांढरा गोंद, दोन टोकांना गनचे थेंब. गन लगेच धरून ठेवते आणि पांढरा गोंद रात्रभरात खरी ताकद देतो.

फेवी क्विकबद्दल एवढंच, की तो वेगळ्या कामाचा गोंद आहे. तुटलेलं प्लास्टिकचं खेळणं किंवा कपाचा कान यासाठी, जिथे दोन कडा अगदी घट्ट बसतात. तो फट भरत नाही. सुती कापड किंवा कापसावर सांडला तर इतका तापतो की भाजतं, म्हणून मुलांच्या हस्तकलेत तो नसावाच.

तारा, डाग आणि भाजणं

गनने काम केलं की सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा राहतात. त्या गोंद अर्धवट तापलेला असला किंवा चाप दाबलेला असतानाच गन उचलली की येतात. चाप सोडायचा, एक क्षण थांबायचं, नोझल त्याच थेंबावर गोल फिरवायचं आणि मग बाजूला न्यायचं. तरी राहिल्याच तर हेअर ड्रायर गरम करून लांबून फिरवा, तारा आक्रसून नाहीशा होतात. पतंगी कागदाजवळ मात्र बोटानेच काढा.

चुकीच्या जागी लागलेला थेंब खरवडू नका. कडेला कापसाने थोडं सर्जिकल स्पिरिट सोडा, मिनिटभरात गोंद वस्तूपासून सुटतो आणि अख्खा निघतो. त्या वेळी गन बंद आणि लांब हवी, स्पिरिट पेटतं. पायपुसण्यावर किंवा गणवेशावर पडला असेल तर कपडा पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. गोठून कडक झालेला गोंद मोडून निघतो.

भाजण्याबद्दल गंभीरपणे. हा गोंद तेलाच्या शिंतोड्यासारखा उडून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. काम सुरू करण्याआधी शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवा. लागलाच तर हात लगेच वाहत्या नळाखाली, वीस मिनिटं. घट्ट झालेला गोंद ओढून काढू नका, कातडी निघते. तो सैल होऊ द्या. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांपैकी काही नको. फोड आला, चेहऱ्यावर किंवा डोळ्याजवळ लागलं, किंवा मूल लहान असेल, तर सरळ डॉक्टरकडे.

आठ वर्षांखालच्या मुलाच्या हातात गन देऊ नये, कमी तापमानाचीसुद्धा नाही. १२० अंशही भाजायला पुष्कळ होतात. आठ ते बारा वयाला कमी तापमानाची गन, मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. त्याआधी कामाची वाटणी चांगली जमते: मूल कापतं, जागा ठरवतं, पेन्सिलने खूण करतं, आणि आई किंवा बाबा खुणेवर गोंद काढून बाजूला होतात, मूल पुठ्ठ्याच्या लांब पट्टीने दाबतं, बोटाने नाही. मॉडेल मुलाचंच राहतं, आणि बाईंनी विचारलं तर कुठला भाग कुठे आणि का ते त्याला सांगता येतं.

घेताना

वायर बहुतेक वेळा मीटरभराचीच असते, त्यामुळे जमिनीवर बसून काम करायचं तर एक्स्टेन्शन बोर्ड लागतो. तो जिथून लहान भावंडं धावतात तिथून नेऊ नका. दोन पिनांचा प्लग जुन्या सॉकेटमध्ये ढिला बसतो आणि ठिणग्या उडतात. तसं असेल तर दुसरं सॉकेट शोधा. चार्जिंगच्या बिनवायरच्या गना आता खूप दिसतात. राख्या आणि बारीक कामापुरत्या ठीक आहेत, कंदिलाचा सांगाडा त्यांच्याने एका चार्जिंगमध्ये पुरा होईल याची खात्री धरू नये.

कांड्यांवर पैसे वाचवू नका. चांगली कांडी किंचित दुधाळ, बोटांनी वाकवली की लवते आणि परत सरळ होते. कडक, पिवळसर, वाकवताच तुटणारी कांडी गार झाल्यावर सांध्यातही तशीच तुटते. छोट्या गनला ७, मोठीला ११ मिलिमीटर. थोडी बारीक कांडी घातली की ती आत घसरते आणि गोंद मागून बाहेर येतो, म्हणून गन बरोबर नेऊन कांडी घालून बघावी. कांड्यांना पावसाळ्यातली दमट हवा काही करत नाही, धूळ मात्र करते. ती नळीत जळून काळे कण गोंदात येतात. चेनच्या पिशवीत ठेवा.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत गन आणि कांड्या दोन्ही मिळतात, कांड्या तिथे किलोवरही देतात. पुण्यातच अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत सुट्या घेता येतात. ऑनलाइन घेण्यापेक्षा दुकान बरं, कारण तिथे गन लावून बघता येते. पाच मिनिटं तापू द्या. पहिल्यांदा थोडा वास आणि किंचित धूर येतो, ते ठीक. मग चाप ओढा: गोंद सलग, बुडबुडे न येता यायला हवा, चाप सोडल्यावर आपोआप मागे जायला हवा, आणि हँडल हाताला गरम लागता कामा नये. हँडल गरम लागलं तर ती गन परत ठेवा आणि दुसरी लावून बघा.